सहावं तिकीट

ते साल १९८९. तारीखसुद्धा सांगते, तेवीस सप्टेंबर, शनिवार. तैपेईचं नवं स्टेशन जमिनीखाली सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, आणि बाबांना जाऊन चांद्रवर्षाने बरोबर एक वर्ष.

त्या सकाळी रेल्वे क्वार्टरमध्ये मला कसंतरीच झालं. चाळीस वर्षं त्या घराच्या खिडक्या गाड्यांबरोबर थरथरल्या होत्या. कपाटातल्या बशा किणकिणल्या की आई न बघता सांगायची, कीलुंगची गेली. आता रूळ जमिनीच्या पोटात गेले होते. बशा गप्प होत्या. आईला म्हणे त्या शांततेने तीन आठवडे झोप नव्हती.

"गाडी दारात उभी आहे," बुनगानदादा म्हणाला. "हायवेने अडीच-तीन तास. थेट शेतोऊच्या घरासमोर उतरू. पाच माणसं, एक टोपली. उगाच गर्दीत कशाला?"

"त्यांना मोटार लागते," आई म्हणाली.

"आई, बाबा वारलेत."

"वारले म्हणून मोटार लागायची थांबते का?"

धाकटा सेकलाई चहाच्या कपात हसला. दादाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कपात तोंडच घातलं.

टोपली देव्हाऱ्यासमोर ठेवलेली होती. वेताची, झाकणाची. आत बाबांची नावाची पाटी आणि त्यांचं उदबत्त्यांचं छोटं भांडं. वर्षभर ती दोन्ही आमच्याकडे वेगळी होती. आता शेतोऊला सिआव घराण्याच्या मूळ घरी जाऊन त्या भांड्यातली राख पूर्वजांच्या मोठ्या भांड्यात मिसळायची, त्यांचं नाव बाकीच्या नावांत लिहायचं. मग माणूस घरचा झाला. मुहूर्त दुपारी तीनपर्यंतचा होता. तो चुकला तर पंचांगात पुढचा दिवस थेट चार महिन्यांनी. तोवर बाबा ना आमच्यात, ना त्यांच्या आईबापांत. मधल्यामधे, ओसरीवर उभ्या असलेल्या पाहुण्यासारखे.

"मामंजींनी स्टेशनात गेटवर तिकिटं तपासत एकतीस वर्षं काढली, ते खरं," लेजूवहिनी म्हणाली. "पण आई, तुमचे गुडघे बघा. नव्या स्टेशनात म्हणे दोन मजले खाली उतरायचं. आणि ह्यांना सगळ्या लोकांत ओरडत जावं लागणार."

खरी अडचण ती होती. गेलेल्या माणसाला कुठे न्यायचं तर वाट सांगत न्यावं लागतं. पूल आला, पूल आला म्हणायचं. वळण आलं, वळण म्हणायचं. नाही सांगितलं तर तो मागे राहतो, वाट बघत. सांगायचं काम थोरल्या मुलाचं. मोटारीत काचा लावून सांगता येतं. स्टेशनात हजार माणसं ऐकतात, आणि दादा तेव्हा एका कंपनीत साहेब होता, ज्यांच्याशी बोलताना लोक आवाज खाली ठेवतात त्यातला.

"आब्वान, तुला काय वाटतं?" दादाने मला विचारलं. आपल्या बाजूने एक मत मिळेल म्हणून.

"तिला कशाला विचारता?" वहिनी पटकन म्हणाली. "ती कीलुंगच्या घरची झाली. खरं तर लग्न झालेल्या मुलीने आज यायचंसुद्धा नसतं."

"मी डबे उचलायला आले आहे," मी म्हटलं. "आणि आगगाडीने जावं असं मला वाटतं."

आई उठली. स्वयंपाकघरातून डबे आणून तिने माझ्यासमोर ठेवले. भात, तळलेली डुकराच्या मांसाची चाप, सोयाबीनच्या रसात शिजवलेलं अंडं, मुळ्याचं लोणचं. बाबा कामावर असताना ती रोज बांधायची तोच डबा. आठ वर्षांची असल्यापासून तो मी गेट नंबर दोनवर पोचवत होते.

"चार आमचे, एक तुझा आणि एक त्यांचा," आई म्हणाली. "सांभाळून. रस्सा सांडेल."

ठरलं ते असं. तिने कुणाला विचारलंच नाही.

*

दादाला मोटारच का हवी होती ते मला पुष्कळ वर्षांनी, त्याच्या तोंडून कळलं. तेव्हा मला वाटलं होतं, त्याला लाज वाटते. लाज होतीच. पण तिच्याखाली अजून काही होतं.

१९६५ साली तो सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीवर किनमेनला, चीनच्या तोफांसमोरच्या बेटावर, निघाला. तेव्हा किनमेनला गेलेला मुलगा परत येईल असं कुणी धरून चालत नसे. आई घरून पळत निघाली, पायात वहाणा वेगवेगळ्या. गेटवर बाबा उभे. त्यांनी तिला विचारलं, "फलाटाचं तिकीट?"

"तुम्ही मला ओळखत नाही का?" आई म्हणाली.

"ओळखतो. फलाटाचं तिकीट?"

ती खिडकीकडे गेली, रांगेत उभी राहिली, तिकीट घेऊन परत आली. तोवर गाडी हलली होती. तिला शेवटच्या डब्याचा दिवा दिसला. दादा खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत प्रत्येक चेहरा बघत होता. त्यात आई नव्हती. ती का नव्हती हे त्याला किनमेनला पत्रातून कळलं.

आई सतरा दिवस बाबांशी बोलली नाही. डबा मात्र सतराही दिवस गेला. तो मीच नेला. अठराव्या दिवशी ती बोलली, "रात्री मासे करू का?" बाबा म्हणाले, "कर." त्यांच्यातलं ते मिटलं. दादाचं मिटलं नाही. त्याला वाटायचं, ज्या गेटने माझ्या आईला आत घेतलं नाही, त्या गेटमधून मी ह्यांना हातावर घेऊन का जाऊ?

पण हे तो बोलला नाही. त्याने टोपली उचलली. सेकलाईने वर काळी छत्री धरली, कारण उन्हाचा गेलेल्याला त्रास होतो. आईने तीन उदबत्त्या पेटवून दादाच्या बोटांत दिल्या.

"सांग," ती म्हणाली.

"बाबा, निघतोय," दादा पुटपुटला.

"मला ऐकू आलं नाही. त्यांना काय येणार? डावा कान गेला होता त्यांचा, शिट्ट्यांनी."

*

मागच्या बाजूने स्टेशनापर्यंत चालत दहा मिनिटं. बाबा ती वाट डोळे मिटून चालले असते, पण ती वाट राहिली नव्हती. फाटक गेलं होतं. फाटकाजवळचा नूडल्सवाला गेला होता. रूळ होते तिथे पत्रे ठोकून माती पसरली होती.

"बाबा, रस्ता ओलांडतोय." दादाचा आवाज थोडा वर आला. इथे ओळखीचं कुणी नव्हतं.

"इथे फाटक होतं, ते सांग," आई म्हणाली. "नाही तर ते फाटक उघडायची वाट बघत बसतील."

"बाबा, फाटक काढलंय. सरळ या."

स्टेशनाच्या दारात रखवालदाराने हात आडवा केला. "उदबत्ती आत चालणार नाही, साहेब. जमिनीखाली आग म्हणजे..."

"अहो, हा धार्मिक..." वहिनी सुरू झाली. तिचा आवाज अशा वेळी छान चढायचा. "आम्ही काय स्टेशन जाळायला आलोय? माझे सासरे ह्याच स्टेशनात..."

"लेजू," आई म्हणाली. "नियम आहे म्हणतोय ना तो. त्यांनीच आधी विझवली असती." तिने हाताने वारा घालून तिन्ही उदबत्त्या विझवल्या. फुंकर मारायची नसते. रखवालदार ओशाळून बाजूला झाला.

आता वाट दाखवायला धूर नव्हता. फक्त दादाचा आवाज होता.

आतलं दालन पाहून मी थबकलेच. छत इतकं उंच की आमच्या क्वार्टरची अख्खी रांग त्यात मावली असती. फरशीत चेहरा दिसत होता. लोक मान वर करून चालत होते आणि एकमेकांवर आपटत होते. गावाकडच्या एका बाईने चपला काढून हातात घेतल्या होत्या.

दादा खिडकीवर गेला, तिकिटं घेतली, खिशात टाकली. नऊ पन्नासची गाडी होती, युआनलिनपर्यंत. तिथून पॅसेंजरने शेतोऊ.

"गेट," आई म्हणाली.

"बाबा, गेट," दादा म्हणाला. इथे मात्र त्याचा आवाज साफ बुडाला. आजूबाजूला माणसंच माणसं. एका पोराने विचारलं, "आई, ते काका टोपलीशी का बोलतात?" दादाचे कान लाल झाले. त्याने तिकिटं पुढे केली, गेटवरच्या माणसाने चिमट्याने टोचून परत दिली, टक टक टक, आणि आम्ही आत लोटले गेलो.

मग सरकता जिना. बाबांनी तो कधी पाहिला नव्हता.

"हे कसं सांगायचं?" दादा म्हणाला.

सेकलाई छत्रीसकट पुढे वाकला. "बाबा, पाय उचलू नका. तुम्ही उभे राहा, जिनाच चालतो. काठाला धरा. आणि हो, तुमच्यासारख्यांचे चालायचे कष्टही वाचलेत आता!"

"वात्रट," आई म्हणाली, पण हसली.

*

फलाट थंडगार, उजेड दिव्यांचा, दिवस असूनही. गाडी यायला चौदा मिनिटं होती. आईने कमरेच्या पुरचुंडीतून दोन नाणी काढली. एक छापा, एक काटा पडला तर हो. दोन्ही सारखी पडली तर नाही. निघण्याआधी एकदा विचारायचं, एवढंच. आमच्याकडे लग्नापासून घर घेण्यापर्यंत सगळं असंच विचारतात.

"अहो, आलात ना?" आईने विचारलं आणि नाणी फरशीवर टाकली.

दोन छापे.

"घसरली. फरशी गुळगुळीत आहे," वहिनी म्हणाली.

दुसऱ्यांदा दोन काटे. तिसऱ्यांदा पुन्हा दोन छापे. आईचा हात फरशीवरच राहिला.

"ते आलेले नाहीत," ती म्हणाली.

मग जे सुरू झालं ते भांडणच. वहिनी म्हणाली, उदबत्ती विझवली तिथेच चुकलं, मी सांगत होते, कुणी ऐकलं नाही. सेकलाई म्हणाला, माझीच चूक, जिन्यावर थट्टा केली, ते रागावले. आई दादाकडे वळली.

"तू गेटवर बोललाच नाहीस. तोंडातल्या तोंडात म्हणालास. बापाची लाज वाटते तुला?"

"मी सांगितलं होतं मोटारीने जाऊ!" दादा ओरडला. त्या दिवसातला त्याचा पहिला मोठा आवाज. "ह्या स्टेशनात मला यायचंच नव्हतं. ह्यांनी तुला आत सोडलं नाही ते विसरलीस? मी खिडकीतून..."

तो थांबला. आई त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, चोवीस वर्षांत तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो अजून त्या खिडकीत लोंबकळतो आहे.

वहिनीने नंतर मला सांगितलं, त्या क्षणी तिने नवऱ्याची बाजू सोडली. "लग्नाला अठरा वर्षं झाली होती," ती म्हणाली. "मला वाटायचं हा माणूस कशालाच हलत नाही. आणि तो टोपली हातात धरून भर फलाटावर ओरडला. मला वाटलं, आता ह्याने बापाला पोचवलं नाही तर हा कधीच कुठे पोचणार नाही."

गाडी आली. दारं उघडली. माझा हात डब्यांच्या वजनाने दुखत होता, मी पिशवी खाली ठेवली आणि उगाचच मोजले. चार, एक आणि एक. सहा. मग दादाच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. तिकिटांच्या कडा बाहेर डोकावत होत्या.

"दादा, तिकिटं किती काढलीस?"

"पाच. का?"

"बाबांचं?"

"बाबांचं तिकीट?" सेकलाई म्हणाला. "ताई, ते टोपलीत..."

बोलता बोलता त्याने वर, गेटच्या दिशेने पाहिलं. गाडीची घंटा वाजली. आणि आमच्या पाचही जणांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहिलं असणार, कारण आई तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"गेटच्या बाहेर उभे असतील," ती म्हणाली. "टोपी नीट करून. बिनतिकिटाचे ते आत येतील? ते? मला नाही सोडलं, स्वतःला सोडतील?"

गाडी निघून गेली. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

*

मुहूर्ताचं काय हे वहिनीनेच पहिल्यांदा विचारलं आणि उत्तरही तिनेच दिलं. पुढची गाडी दहा पंचावन्नला, युआनलिनला दोनच्या सुमारास, पॅसेंजर मिळाली तर पावणेतीन. "मी मागच्या महिन्यात वेळापत्रक पाठ केलंय," ती म्हणाली. "मला माहीत होतं आई ऐकणार नाहीत."

आम्ही सगळे वर गेलो. ह्या वेळी वहिनी आईचा दंड धरून होती. जिन्यावर सेकलाई एक शब्द बोलला नाही. गेटमधून बाहेर पडल्यावर दादाने टोपलीचं झाकण थोडं वर केलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, चूक झाली. इथेच थांबा." मग टोपली हातात घेऊनच रांगेत उभा राहिला. पुढे बावीस माणसं होती. एका गृहस्थाने टोपली आणि छत्री पाहून त्याला पुढे जायला सांगितलं. दादाने मान हलवली.

"रांगेतूनच जायचंय," तो म्हणाला.

खिडकीतल्या बाईने विचारलं, "किती?"

"ही पाच बदलून द्या. आणि अजून एक. सहा."

"बसायची जागा नाही, उभ्याने जावं लागेल."

"चालेल. त्यांना सवय आहे."

"वृद्ध कुणी आहे का? अर्धं तिकीट..."

"पूर्ण," आई मागून म्हणाली. "निवृत्त झाले त्या दिवशी पास परत केला. तेव्हापासून प्रत्येक वेळी पूर्ण."

पुन्हा गेट. तिथला माणूस पन्नाशीचा असेल, ओठांवर घाम, चिमटा समोर प्रवासी नसला तरी हवेत वाजत होता, टक टक, टक टक. बाबांचीही तीच सवय होती. जेवतानासुद्धा त्यांचा उजवा अंगठा हलायचा. दादाने सहा तिकिटं ठेवली. माणसाने पाच टोचली, मान वर केली, आम्हाला मोजलं.

"सहावा कोण?"

दादा सरळ उभा राहिला. मी त्याला तसं उभं राहिलेलं सैन्यातून परत आला तेव्हा पाहिलं होतं.

"माझे वडील," तो म्हणाला, आणि आवाज त्या उंच छतापर्यंत गेला. "सिआव छिंगहुई. तैपेई स्टेशन, गेट नंबर दोन. एकतीस वर्षं. त्यांच्या गेटमधून बिनतिकिटाचं कुणी गेलं नाही. माझी आईसुद्धा नाही."

गेटवरच्या माणसाने टोपलीकडे पाहिलं. त्याने सलाम केला नाही, डोळे पुसले नाहीत. त्याने सहावं तिकीट उचललं, बाकीच्यांसारखंच टोचलं, आणि टोपलीकडे पुढे करून, रोज हजार माणसांना म्हणत असेल तसंच म्हणाला,

"तीन नंबर फलाट, जिन्याने खाली. सावकाश जा."

"बाबा, गेट," दादा ओरडला. "तिकीट टोचलंय. चला!"

फलाटावर आईने नाणी टाकली. एक छापा, एक काटा. तिने ती उचलून पुरचुंडीत बांधली आणि पुन्हा विचारलं नाही.

तीन तास आम्ही डब्याच्या दाराजवळ उभे होतो. एका बाईने आईला जागा दिली, आईने टोपली मांडीवर घेतली. बोगदा आला की दादा सांगायचा, बोगदा. पूल आला की पूल. मियाओलीच्या पुढे शेजारची अनोळखी माणसंही सांगायला लागली, "साहेब, पुढे ताआन नदीचा पूल आहे, सांगून ठेवा." युआनलिनला पॅसेंजर लागलेलीच होती. सहावा डबा आईने गाडीत कुणाला उघडू दिला नाही.

शेतोऊला उतरलो तेव्हा घड्याळात दोन पंचेचाळीस. थोरले काका पेरूच्या बागेच्या कडेने पळत आले, "कुठे होता? मी मुहूर्त धरून बसलोय!" स्टेशनाच्या दाराशी एक म्हातारा कर्मचारी तिकिटं गोळा करत होता. सेकलाई म्हणाला, "आई, बाबांचं तिकीट आठवण म्हणून मागून घेऊ? शिक्का मारून देतात."

"नाही," आई म्हणाली. "प्रवास झाला की तिकीट द्यायचं असतं."

तिने ते स्वतःच्या हाताने दिलं. तीनला सात मिनिटं कमी असताना बाबांची राख त्यांच्या आईबापांच्या राखेत मिसळली.

*

आई आणखी चौदा वर्षं जगली. तिच्या उशाखाली १९६५ चं फलाटाचं तिकीट सापडलं, न टोचलेलं. ते आम्ही तिच्या हातात दिलं. तिला शेतोऊला नेताना दादाने तिचं तिकीट सगळ्यांच्या आधी काढलं. गेटवर तोवर यंत्रं आली होती. ती टोचत नव्हती, तिकीट गिळून पुढून बाहेर काढत होती. दादा सत्तावन्न वर्षांचा होता, दालनभर ऐकू जाईल असा म्हणाला, "आई, बाबा पलीकडे उभे आहेत, घाबरू नको."

दादा नोकरीतून निवृत्त होऊन शेतोऊला राहायला गेला. पेरूची बाग त्याने वाढवली. बाहेरगावाहून कुणी परतून येणार असलं की तो गावच्या स्टेशनावर उगाच जाऊन उभा राहायचा. तो २०१६ मध्ये गेला. लेजूवहिनी अजून आहे, वेळापत्रक अजून पाठ आहे. सेकलाई अमेरिकेला गेला, तिथे त्याच्या गावाला म्हणे स्टेशनच नाही. तो फोनवर म्हणतो, "ताई, मला इथून कसं न्याल?" मी म्हणते, "विमानाचं तिकीट पूर्ण काढू."

मीही आता ऐंशीला टेकले. माझी नात तैपेईलाच नोकरी करते. आता तिकीटही नसतं, कार्ड टेकवलं की गेट उघडतं. तिला मी सांगून ठेवलंय: माझी वेळ आली की माझं कार्ड भरलेलं असू दे, आणि ते तुझ्या कार्डाआधी टेकव. आवाज झाल्याशिवाय मी गेटमधून पाऊल टाकणार नाही. मी सिआव छिंगहुईंची मुलगी आहे.